टॉवेलाखालचे अण्णा

कॉम्प्युटरसमोर बसलं की अण्णा शेटे आधी खांद्यावरचा टॉवेल काढायचे, एकदा झटकायचे आणि कीबोर्डवर अंथरायचे. मग दोन्ही हात मनगटापर्यंत टॉवेलाखाली घालून, पडद्याकडे डोळे वटारून ते टाइप करायला लागायचे. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा वाफारा घेतोय. जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, बरं वाटत नाही का?" तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, लांब उभं ऱ्हावा. येव्हार चाललाय."

मी मास्तर नाही. म्हणजे पूर्वी होतो. शाहूपुरीत आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नव्वदचं दशक संपत आलं तसा तिथला खडखडाट हळूहळू थंडावला. मग मी जुनी यंत्रं मोडीत काढली, कर्ज काढून चार कॉम्प्युटर आणले, मध्ये प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या आणि पाटी रंगवली, 'सायबर कॅफे'. लोक मात्र मला मास्तरच म्हणत राहिले. आयुष्यभर मी पोरांना एकच गोष्ट सांगत आलो होतो, बटणांकडे बघू नका, बोटांवर भरवसा ठेवा. एकाही गाढवानं ऐकलं नाही. आणि शेवटी ऐकणारा शिष्य भेटला तो असा, साठी उलटलेला, गुळाचा अडत्या, दोन्ही हातांचं एकेकच बोट वापरणारा. टॉवेलाखाली चाचपडत दाबलेलं त्यांचं बटण बहुतेक वेळा शेजारचं निघायचं. मराठी तेव्हा इंग्रजी अक्षरांतच टाइप करावं लागे. अण्णांचं वाक्य पडद्यावर उमटलं की ते नेमकं कोणत्या भाषेतलं आहे हे ठरवायला मला दोन मिनिटं लागत.

"टॉवेल काढा की अण्णा," मी म्हणायचो. "चुका कमी होतील."

"चुका हुंद्या. पर झाकून असंना."

'झाकून' हा अण्णांचा जीव की प्राण असलेला शब्द. ते कॅफेच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. त्यांच्या दाराला चकचकीत पितळी पाटी होती. दर सोमवारी ते ती चिंच लावून घासायचे. पाटीवर नाव नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घर कुणाचं हाय ते आमाला ठावं हाय. दुसऱ्याला कशाला?" गिरणीत दळण टाकताना ते चव्हाण नाव सांगत, न्हाव्याकडे नंबर लावताना पोवार. दवाखान्यात रक्त तपासायला दिलं तेव्हा असंच कुठलंसं नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते विसरले. रिपोर्ट घ्यायला गेले तर हातातच देईनात. काउंटरवरच्या बाई विचारत होत्या, "नाव काय?" आणि अण्णा म्हणत होते, "तुमच्याकडं काय काय नावं हायती, वाचून दावा की. त्यातलं माजं मी सांगतो."

भाजी आणायची तीही टॉवेलात गुंडाळून. आज शेट्यांच्या घरी काय शिजणार, हे गल्लीला कळता कामा नये. पण त्यांच्या बायकोचा, शांताक्कांचा, आवाज खणखणीत. अण्णा कोपऱ्यावर दिसले रे दिसले की त्या गॅलरीतून विचारायच्या, "अवो, शेपू गावली का?" आणि अण्णा भर रस्त्यात दोन्ही हात वर करून, जणू आकाशातून काहीतरी कोसळतंय असे, "हळू! अगं हळू!" म्हणत जिन्याकडे धावायचे. अख्ख्या गल्लीला शेपूचा पत्ता लागलेला असायचा.

माणूस विक्षिप्त खरा. पण ह्या विक्षिप्तपणाचं मूळ मला कळलं त्या दिवसापासून मी अण्णांकडे जरा आदरानंच बघायला लागलो.

झालं असं की एका दुपारी कॅफेत कुणी नव्हतं. मी पुन्हा टॉवेलावरून चिडवलं, तसे अण्णा म्हणाले, "या. हात द्या हिकडं." मी हात पुढे केला. त्यांनी त्यावर टॉवेल टाकला आणि खालून माझी बोटं धरली.

गुळाच्या बाजारात पूर्वी सौदे असेच व्हायचे. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागलेली, शेतकरी बाजूला उभा, आणि अडत्या व खरेदीदार समोरासमोर बसून टॉवेलाखाली हातात हात धरणार. तोंडातून शब्द काढायचा नाही. एक बोट दाबलं तर एक आकडा, दोन दाबली तर दुसरा, आख्खा पंजा धरला तर तिसराच. भाव ठरायचा तो दोघांच्या हातात. बघणाऱ्याला दिसायचं फक्त टॉवेलाचं हलणं.

"डोळं झाकून सांगायचो," अण्णा म्हणाले, "खाली कुणाचा हात हाय. गुजरातचा शेट असला तर बोटं मऊ, पर सोडताना चिवट. सांगलीवाला धरायचा घट्ट आन घाबरायचा लवकर. माणूस तोंडानं खोटं बोलतोय मास्तर, हातानं बोलाय जमत न्हाय त्येला."

"माझा हात कसा आहे?"

त्यांनी माझी बोटं जरा चाचपली. "तुमचा? भित्रा हाय. पर लबाड न्हाय."

मी हसलो. त्या काळ्या, जाड, गुळानं राठ झालेल्या बोटांनी माझ्या हाताची अशी काही नीट चौकशी केली होती की तशी माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही केली नव्हती.

मग शांताक्कांकडून बाकीची हकिगत कळली. म्हणजे गल्लीत सगळ्यांना ती ठाऊक होती, मीच कधी विचारलं नव्हतं. अण्णांना एक धाकटा भाऊ, इराप्पा. घरात त्याला तम्मा म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात ना, तसं. दोघांची मिळून अडत होती. अण्णा झाकून बोलणारे, तम्मा उघड्या तोंडाचा. एक दिवस भर बाजारात सौदा चालू असताना तम्मानं अण्णांच्या हातावरचा टॉवेल ओढून फेकून दिला आणि शेतकऱ्यांसमोर भाव मोठ्यानं सांगितला. "झाकून कशाला? ज्येचा गूळ त्येला कळंना व्हय?" म्हणाला. शेतकरी खूश झाले, व्यापारी खवळले. अण्णांना मात्र वाटलं, आपल्याला बाजारात उघडं केलं. ते म्हणाले, "आजपासनं तू माज्याशी बोलायचं न्हाय." तम्मा म्हणाला, "गळ्यातल्या लिंगाची आण, एक शबुद बोलणार न्हाय." अण्णांनीही आण घेतली. दोघंही शब्दाचे पक्के. एका पेठेत राहून, एका पंगतीला बसून, वर्षानुवर्षं बोलले नाहीत. पुढं बाजारात उघड बोली सुरू झाली. तम्मा बायको गेल्यावर मुलाकडे अमेरिकेला गेला. आण तेवढी राहिली.

आता ह्यात माझा कॅफे कुठं आला ते सांगतो. परदेशी गेलेल्या कोल्हापूरच्या पोरांनी एक वेबसाइट काढली होती. तिच्यावर गप्पा मारायला एक कट्टा होता. माझ्या चारही कॉम्प्युटरवर सकाळी तीच उघडलेली असायची, गिऱ्हाईक जरा रमतं म्हणून. अण्णा अजून कॅफेत बसत नव्हते, तेव्हा एकदा ते भांडायला खाली आले. गिऱ्हाइकांच्या सायकली त्यांच्या जिन्याला टेकवलेल्या असायच्या. भांडणाचं पहिलं वाक्य अर्धं झालं आणि ते थांबले. पडद्यावर एक नाव होतं. इराप्पा शेटे, पूर्ण नाव, गाव, पेठ, वर चौकटीत फोटोसुद्धा. बाकी सगळे कट्ट्यावर टोपणनावानं लिहायचे. हा एकटाच छाती उघडी टाकून बसलेला. खाली त्यानं लिहिलं होतं, 'हितं थंडी लई हाय. बोलाय कुणी न्हाय. कोण कोल्हापूरचं हाय का?'

अण्णांनी सायकलींचा विषय काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडतोय तोवर ते टॉवेल घेऊन हजर.

"मास्तर, मला ह्येच्यावर एक नाव काढून द्या. पुण्याचं. बामणाचं असलं तर झ्याक."

"का हो?"

"शेट्याचं शेट्याशी बोलणं बंद हाय. कुलकर्ण्याचं कुठं बंद हाय?"

ह्या युक्तिवादाला तोड नव्हती. मी त्यांना 'सुरेश कुलकर्णी, पुणे' करून दिलं. अण्णांनी मला समोर बसवून बजावलं, "ध्येनात ठेवा. त्येला कळता कामा न्हाय. कळलं की त्येला आण आठवंल. मग त्यो बोलायचा बंद. पुन्हा न्हाय गावायचा त्यो मला." हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. त्या क्षणापासून ह्या माणसाचं गुपित सांभाळणं ही माझीसुद्धा जबाबदारी झाली.

तर असे सुरेश कुलकर्णी रोज सकाळी टॉवेलाखाली हात घालून बसू लागले. अमेरिकेत तेव्हा रात्र असायची, तम्माचा मुलगा-सून झोपलेले असायचे. पहिलंच वाक्य कुलकर्ण्यांनी लिहिलं ते 'पावणं, जेवला न्हवं?' मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अण्णा, पुण्याचे कुलकर्णी असं विचारत नाहीत. 'लई' म्हणत नाहीत. 'खूप' म्हणतात." झालं, तेव्हापासून कुलकर्णी प्रत्येक गोष्ट खूप करायला लागले. खूप जेवलो. खूप झोपलो. पुण्यात खूप बसथांबे आहेत. तम्मानं विचारलं, तुमी काय करता? तर म्हणे, नोकरी. कसली? खूप मोठी.

दोघं बोलायचे तरी काय? ऊस, पाऊस, गुडघे. तम्मा सांगायचा, इथं बर्फ पडतो, नातू इंग्रजी बोलतो, जोंधळ्याची भाकरी स्वप्नात येते. कुलकर्णी त्याला गुडघ्याला लावायला तेल सांगायचे. तेल करायची रीत शांताक्कांची असायची. एकदा तम्मानं लिहिलं, 'मला थोरला भाऊ हाय कोल्हापुरात. बोलत न्हाय.' टॉवेल हलायचा थांबला. मग कुलकर्ण्यांनी विचारलं, 'कसा आहे तो?' तिकडून उत्तर आलं, 'लई हट्टी. पर त्येच्यासारका हात बाजारात न्हवता.' अण्णा उठले, बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले आणि परत बसले. तोंड त्यांनी त्याच टॉवेलाला पुसलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मीच माती खाल्ली. एकदा ऐट म्हणून मी त्यांना सांगून बसलो की इंटरनेटवर माणूस वाटतो तितका लपलेला नसतो. प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो, आपण जिथं जाऊ तिथं तो मागे राहतो. वेबसाइट आपल्या मशीनवर एक खूण ठेवून देते आणि परत आलो की त्या खुणेवरून ओळखते.

"रव्यावर अडत्याचा शिक्का मारत्यात तसं?"

"अगदी तसं."

"आन पुसला तर?"

"पुसता येतो. पण नंबर राहतोच."

अण्णांचा चेहरा पडला. तरी त्यांना खरं वाटलं नसतं. पण त्याच आठवड्यात फौजदार आले. कुण्या प्राध्यापकांना खोट्या नावानं शिव्यांची मेल आली होती आणि ती माझ्या कॅफेतून गेली होती. सगळ्यांना सांगायचो मीच, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा माझीच बोबडी वळली. ती मेल इथून निघाली, सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा मशिनात जाऊन आली आणि चार गल्ल्या ओलांडून त्या प्राध्यापकांच्या घरी उतरली. आणि एवढ्या फिरतीत आपण शाहूपुरीत जन्मलो हे ती विसरली नव्हती. मला त्या यंत्राची भीती वाटली आणि त्याला नमस्कार करावासाही वाटला.

फौजदार प्लायवूडच्या आड डोकावत फिरले. अण्णांपाशी थांबले.

"ह्ये काय हाय?"

"टॉवेल."

"खाली काय हाय?"

"हात."

"कुणाचे?"

अण्णांनी तोंड उघडलं. सवयीप्रमाणे ते चव्हाण म्हणणार होते हे मला दिसलं. मीच घाईनं म्हणालो, "साहेब, हे वरचे शेटे अण्णा." फौजदारांनी टॉवेलाचं टोक उचलून पाहिलं, खाली खरंच हात निघाले, आणि ते पुढे गेले.

मेल पाठवणारा पोरगा संध्याकाळपर्यंत सापडला. त्याला शोधायला नंबरसुद्धा लागला नसता. नाव त्यानं खोटं लिहिलं होतं, पण शिव्या देता देता तोंडी परीक्षेत आपल्याला किती कमी मार्क दिले त्याचं रडगाणंही गायलं होतं. प्राध्यापकांनी वाचताक्षणी ओळखलं. फौजदारांनी दोन समजुतीचे शब्द ऐकवून त्याला सोडलं.

अण्णांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, असं शांताक्का म्हणाल्या. सकाळी ते मला म्हणाले, "म्हंजे कुलकर्णी पुण्यात न्हाय, शाहूपुरीत हाय, ह्ये तम्माला कळू शकतंय."

"शोधलं तर. पण एवढं कोण शोधतंय?"

"तुमाला ठावं न्हाय. लपंडावात मी कुठंबी लपलो तरी पयल्यांदा मलाच हुडकायचा त्यो. गवताच्या गंजीत लपलो तरी."

मग अण्णांनी जे केलं ते ऐकून मी हसावं की पाया पडावं, मला कळेना. नंबर बदलायचा म्हणून ते एसटीनं पेठ वडगावला जाऊन बसायला लागले. मग वाटलं, एकाच गावातून नको. एकदा वारणानगरला गेले. एकदा भर पावसात राधानगरीला गेले. तिथं कॅफे सापडलाच नाही, तेव्हा धरण बघून परत आले. कुलकर्ण्यांनी तम्माला कळवून टाकलं की नोकरी फिरतीची आहे. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्याला तेल सांगणारा हा माणूस स्वतःचे गुडघे एसटीच्या पायरीवर चढवत तालुके पालथे घालत होता, का, तर आपल्या भावाशी दोन वाक्यं बोलता यावीत आणि बोलणारे आपण आहोत हे त्याला कळू नये. एवढी माया एवढ्या खटपटीनं लपवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि एक दिवस तम्मा कट्ट्यावर आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी फिरती सोडली आणि पुन्हा माझ्याकडे बसायला लागले. टॉवेल अंथरायचे, हात आत घालायचे आणि नुसते बसून राहायचे. कुलकर्ण्यांनी विचारलं, 'पावणं, बरं हाय न्हवं?' 'खूप' वगैरे सगळं विसरून. उत्तर नाही. मी म्हटलं, आजारी असेल, गावाला गेला असेल, लाइन बंद असेल. अण्णा मान हलवत राहिले.

"वळकलं त्येनं, मास्तर. नंबर कळला त्येला. आता त्यो बोलणार न्हाय."

"तसं काही नसेल हो."

"मला लोभ सुटला. एकदा बरा हाय का बघून गप बसाय पायजे हुतं. रोज रोज कशाला बोलायचं? माजीच चूक झाली." आणि त्यांनी टॉवेलाखालून हात काढून घेतले. बाजारात सौदा मोडला की अडत्या असाच हात काढून घेत असणार.

चार-पाच दिवसांनी सकाळी दारात रिक्षा थांबली. उतरला तो एक उंच म्हातारा. कपाळाला विभूती, अंगात जाड स्वेटर, आणि लेंग्याखाली पोरं घालतात तसले पांढरेशुभ्र भलेथोरले बूट. आत येऊन दणदणीत आवाजात म्हणाला, "पावणं, हितं..." मी धडपडत उठून तोंडावर बोट ठेवलं. फोटो मी रोज बघत होतो. अण्णा आतल्या फळीआड, दाराकडे पाठ करून बसले होते. उजव्या कानानं त्यांना जरा कमीच ऐकू यायचं, आणि पंखा घरघरत होता.

तम्मानं आवाज खाली आणला. बहुतेक जन्मात पहिल्यांदाच. "हितं कुलकर्णी बसत्यात न्हवं? टॉवेल घालून?"

टॉवेलाबद्दल कट्ट्यावर अवाक्षर निघालेलं नव्हतं, ह्याची मी शपथ घेतली असती.

"तुम्हाला कसं कळलं? नंबरावरून?"

"कसला नंबर? म्हंजे, पोरानं काढला कट्टेवाल्यांकडनं, निघायच्या आदी, ह्यो कॅफे हुडकायला. पर माणूस मी पयल्याच दिशी वळकला." तो काउंटरवर वाकला. "दर शबुद शेजारच्या बटनावर पडतोय. म्हंजे माणूस बटनांकडं बघत न्हाय. आंधळा म्हणावं, तर मी लिवल्यालं वाचतोय. मग बटनं दिसंनात कशापायी? तर झाकल्यात. आता तुमी सांगा, ह्या पृथ्वीवर असल्या कामाला टॉवेल घालून बसणारा दुसरा कोण हाय?"

मी खुर्चीत बसलो. तीन तालुके, एसटीचे धक्के, राधानगरीचा पाऊस, पुण्याचे बसथांबे, आणि शेवटी ओळख पटवली ती झाकायला घातलेल्या टॉवेलानंच. झाकणं हीच त्या माणसाची सही होती. टॉवेल नसता तर तो पुण्याच्या हजार कुलकर्ण्यांत खपूनही गेला असता.

"मग इतके दिवस तुम्ही बोललात कसे? तुमची आण होती ना?"

"हुती की. हाय अजून." तम्मा ताठ झाला. "मी कुलकर्ण्याशी बोललो. शेट्याशी एक शबुद बोललो न्हाय."

घराणं एकच होतं, ह्यात आता मला काही शंका उरली नाही.

तो बूट काढून, अनवाणी आत गेला. अण्णांच्या शेजारचं स्टूल ओढून बसला. बोलला नाही. अण्णांना वाटलं असणार, दुसरं गिऱ्हाईक. त्यांनी सवयीनं टॉवेल सारखा केला आणि हात आत घातले. तेवढ्यात तम्मानं आपला उजवा हात टॉवेलाखाली सरकवला.

अण्णांनी मान वळवली नाही. मी फळीपाशी उभा राहून त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांचे डोळे पडद्यावर होते तसेच राहिले. टॉवेल हलत होता. एक बोट, मग दोन, मग थांबला. मग पंजा. खाली हातांच्या ओझ्यानं कुठलंतरी बटण दाबलं गेलं होतं आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ भरत चाललं होतं. तम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा असूनही तो पुसत नव्हता. दोघांच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

थोड्या वेळानं अण्णांनी डावा हात बाहेर काढला आणि टॉवेलाचं टोक ओढून भावाचं उघडं राहिलेलं मनगट नीट झाकलं.

तेवढ्यात वरून, गॅलरीतून, शांताक्कांचा आवाज आला. रिक्षा त्यांनी पाहिली असणार. "अवो! भावजी आल्यात व्हय? दोघांची पानं वाढू का?"

समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं मान वर केली. कोपऱ्यावरचा न्हावी दारात आला. मी सवयीनं अण्णांकडे पाहिलं. आता ते "हळू" म्हणून धावणार, असं मला वाटलं. अण्णा जागचे हलले नाहीत. हात त्यांनी टॉवेलाखालीच ठेवला, मान मागे टाकली आणि सगळ्या शाहूपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वाढ की! आन तम्माला भाकरी जोंधळ्याची कर!"